दुसरे जिनिव्हा

मी जिनिव्हाला जाऊन आलो, असे सांगितले की आमच्या आळीतले लोक एकदम अदबीने बोलू लागतात. कुणी घड्याळांची चौकशी करतो, कुणी आल्प्सच्या बर्फाची. एका गृहस्थांनी तर राष्ट्रसंघाची इमारत आतून पाहायला मिळते का, असे विचारले. मीही दोन-चार दिवस कुणाचा गैरसमज दूर केला नाही. परंतु वाचकांशी खोटे बोलणे बरे नव्हे. मी गेलो ते जिनिव्हा स्वित्झर्लंडमधले नसून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातले आहे. त्याचे नाव लेक जिनिव्हा. शिकागोपासून मोटारीने दोन तासांवर, तळ्याकाठी वसलेले हे लहानसे गाव. वस्ती आठ-साडेआठ हजारांची, म्हणजे आपल्याकडे एखाद्या बाजारपेठेच्या खेड्याइतकी.

आणि मी तिथे काही हवा खायला गेलो नव्हतो. माझ्यावर एक कामगिरी सोपवली होती.

माझा भाचा शिकागोजवळ एका कंपनीत नोकरी करतो. पस्तिशीचा आहे, संसारी आहे. अशा माणसाने संध्याकाळी घरी येऊन बातम्या पाहाव्यात आणि झोपावे. पण त्याने एक पुस्तक लिहिले. कादंबरी असती तर बहिणीने ते दुःख गिळले असते. हे पुस्तक म्हणजे एका खेळाचे साहित्य, आणि ते तो स्वतःच्या खर्चाने छापणार होता. घराच्या पहिल्या हप्त्यासाठी साठवलेल्या पैशाला त्यासाठी हात लावायचा आणि सहा महिने बिनपगारी रजा घ्यायची, असा त्याचा बेत. पुण्याहून निघताना बहिणीने माझ्या हातावर लाडवांचा डबा ठेवला आणि म्हणाली, "दादा, तू बँकेत जन्मभर लोकांची कर्जं तपासलीस. आता याचं एक तपास. अण्णांचं आठवतंय ना?"

अण्णांचे न आठवायला काय झाले? आमचे वडील शाळामास्तर. जुन्नरच्या आसपासच्या घाटवाटांवर त्यांनी १९६४ साली एक पुस्तक काढले. प्रती पाचशे, किंमत दोन रुपये. आईच्या दोन बांगड्या त्यात गेल्या. खपल्या असतील शे-दीडशे प्रती. उरलेले गठ्ठे आमच्या खाटेखाली चौदा वर्षे होते. मी आणि बहीण त्या गठ्ठ्यांवर पाय टेकून अभ्यास करत असू. पुढे वाळवी लागली आणि १९७८ साली रद्दीवाला उरलेसुरले घेऊन गेला. त्या दिवशी अण्णा सकाळीच फिरायला निघून गेले होते, ते दुपारी परतले.

तेव्हा मी कोणत्या तयारीने विमानात बसलो असेन, ते सांगायला नको.

पहिल्या रविवारी मी विषय काढला. भाचा हसला आणि म्हणाला, "मामा, तू ओरडायच्या आधी तुला एक गाव दाखवतो. मग हवं तेवढं ओरड." ऑगस्टचे शेवटचे दिवस होते. दोहो बाजूंना मक्याची हिरवी शेते, मधून लाल रंगाची कोठारे. सूनबाई पुढे बसली होती आणि रस्ताभर काही बोलली नाही. तिचे न बोलणे मी मनात टिपून ठेवले. कर्जदाराची बायको गप्प बसली की शहाण्या अधिकाऱ्याने कागद पुन्हा वाचावेत.

वाटेत भाच्याने मला तो खेळ समजावून दिला. आता तो मी वाचकांना समजावतो. चुकलो तर दोष माझा. चार-पाच माणसे टेबलाभोवती बसतात. पट नसला तरी चालते. एक जण सूत्रधार. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात: कुणी लढवय्या, कुणी मांत्रिक, कुणी चोर. सूत्रधार सांगतो, "तुम्ही एका भुयाराच्या तोंडाशी उभे आहात. आतून पाण्याचा आवाज येतोय. काय करता?" खेळणारे आपापल्या पात्राच्या तोंडाने उत्तर देतात. उडी साधली की नाही, तलवार लागली की नाही, हे फासा ठरवतो. कोकणातला दशावतार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चटकन कळेल. कथानक ठरलेले, पण संवाद आयत्या वेळचे. फरक इतकाच की इथे संकासुर कधीकधी जिंकतो. फासेही आपल्या सोंगट्यांचे नव्हेत; चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे असतात. आदल्या रात्री मलाही खेळात बसवले होते. मी घाटावरचा जकातदार झालो, एका वेताळाकडे जकात मागितली, फाशावर तीन पडले आणि मी मेलो. बँकेत असताना असे कधी झाले नाही.

या जातीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, आणि त्याचे जन्मगाव लेक जिनिव्हा. भाचा मला या गंगोत्रीवर नेत होता.

गाव देखणे आहे, यात शंका नाही. शिकागोच्या धनिकांनी गेल्या दीडशे वर्षांत तळ्याकाठी वाडे बांधले. तळ्याभोवती वीस-एकवीस मैलांची पाऊलवाट आहे. ती या धनिकांच्या हिरवळींमधून बिनदिक्कत जाते आणि कुणी कुणाला हटकत नाही. आम्ही तिच्यावरून मैलभर चाललो. पाणी इतके नितळ, की तळाचे गोटे दिसतात. धक्क्यावर गर्दी जमली होती, म्हणून पाहिले तर टपालाची बोट निघत होती. उन्हाळ्यात या तळ्यावर टपाल बोटीने वाटतात. ही प्रथा शंभराहून अधिक वर्षांची आहे. बोट धक्क्यापाशी येते, पण थांबत नाही. एक पोरगी उडी मारून धक्क्यावर उतरते, धावत जाऊन पेटीत टपाल टाकते आणि पुढे सरकणाऱ्या बोटीवर परत उडी घेते. एखादीचा पाय चुकला तर सरळ पाण्यात! प्रवासी पैसे देऊन हा तमाशा पाहतात.

"मामा, आमच्या धंद्यातला खरा राक्षस हाच," भाचा म्हणाला. मी म्हणालो, "ती पोरगी?" तो म्हणाला, "टपाल!"

मग त्याने जे सांगितले ते ऐकून माझ्यातला बँकवाला जागा झाला. अमेरिकेत छापील पुस्तकांना टपालाचा एक स्वस्त दर आहे. परंतु त्याच पाकिटात दोन फासे घातले की ते नुसते पुस्तक राहत नाही आणि दर बदलतो. देशाबाहेर तर विचारू नये: वीस डॉलरांची वही इंग्लंडला किंवा हिंदुस्थानात पाठवायची तर टपालखर्च वहीच्या किमतीला गाठतो, कधी ओलांडतो. दुकानदारांमार्फत विकावे म्हटले तर घाऊक विक्रेता छापील किमतीच्या साठ टक्क्यांपर्यंत सूट मागतो. म्हणजे वीसातले आठ आपल्या हाती. त्यातून छपाई, चित्रकार, खोकी. नुसती संगणकावर वाचायची प्रत विकली तर मोठ्या ई-दुकानात लेखकाला पासष्ट ते सत्तर टक्के मिळतात. मात्र डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मालकांच्या खास जगातली पात्रे आणि ठिकाणे वापरून लिहायचे असेल तर त्यासाठी वेगळे ई-दुकान आहे आणि तिथे निम्मेच मिळतात.

भाच्याची वही अठ्ठेचाळीस पानांची. लिहिली होती सेहेचाळीस; पण मधोमध टाचणी मारायच्या वहीची पाने चारच्या पटीतच लागतात, म्हणून दोन पाने वाढवावी लागली. वहीचा विषय ऐका: नाणेघाट! सातवाहनांच्या काळातला घाट, व्यापाऱ्यांचा तांडा, जकातीचा दगडी रांजण, शेजारी जीवधन किल्ला आणि त्याचा तो उभा सुळका. रात्री घाटात काय काय घडते ते खेळणाऱ्यांनी निस्तरायचे. तो दहा वर्षांचा असताना मीच त्याला नाणेघाटात नेले होते. बहिणीला हे आठवले नसावे. नाहीतर लाडवांचा डबा मिळाला नसता.

गावातल्या ब्रॉड स्ट्रीटवर हॉर्टिकल्चरल हॉल नावाची जुनी, टुमदार इमारत आहे. नावाप्रमाणे फुलझाडांच्या प्रदर्शनासाठी आणि आता लग्नाबिग्नांसाठी वापरतात. १९६८ साली गॅरी गायगॅक्स नावाच्या तरुणाने हा हॉल पन्नास डॉलर भाड्याने घेतला आणि लुटुपुटूच्या लढाया खेळणाऱ्यांचा मेळावा भरवला. प्रवेश एक डॉलर. भाडे निघाले. तो मेळावा दरवर्षी भरू लागला, वाढत वाढत दुसऱ्या शहरांत गेला आणि हल्ली इंडियानापोलिसला भरतो. हा गायगॅक्स शिकागोत विमा कंपनीत कामाला होता. १९७० साली नोकरी गेली. घरात पाच मुले. मग त्याने तळघरात जोडे दुरुस्तीचे काम मांडले आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहू लागला. मिनियापोलिसकडचा डेव्ह आर्नेसन म्हणून एक जण होता. सैन्याऐवजी एकेका खेळाडूने एकेकच पात्र चालवायचे आणि ते पात्र खेळागणिक वाढत जायचे, ही कल्पना त्याने आपल्या मंडळींत चालवून पाहिली होती. दोघांनी मिळून पुस्तक केले. प्रकाशक मिळेना.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. मराठी लेखकाच्या घरात कुठेही ऐकायला मिळते. पुढे काय झाले हे पाहायला आम्ही सेज स्ट्रीट या रस्त्यावर गेलो.

साधा रस्ता. लाकडी घरे, पुढे गवत, एका अंगणात मुलांची उलटी पडलेली सायकल. पाहण्यासारखे काहीही नाही. याच रस्त्यावर डॉन के याचे घर होते. डॉन हा गायगॅक्सचा लहानपणापासूनचा मित्र. त्याने आपल्या विम्याच्या पॉलिसीवर एक हजार डॉलर कर्ज काढले, आणि त्या भांडवलावर ऑक्टोबर १९७३मध्ये दोघांनी प्रकाशनसंस्था काढली. कंपनीचा पत्ता म्हणजे डॉनचे घर. हजार डॉलर पुरेनात. डिसेंबरात ब्रायन ब्लूम नावाच्या तिसऱ्याने दोन हजार घातले, तेव्हा कुठे छपाई झाली. जानेवारी १९७४मध्ये पुस्तक बाहेर पडले. तीन पातळ वह्या, लाकडाच्या रंगाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. प्रती एक हजार, किंमत दहा डॉलर. खोकी जुळवायची, लेबले चिकटवायची, वह्या आत घालायच्या, सगळे काम घरच्या माणसांनी हातांनी केले. आणि ते बहुबाजूंचे फासे? ते शाळांना गणिताचे साहित्य पुरवणाऱ्यांच्या यादीत सापडले होते. मुलांना भूमिती शिकवायची वस्तू!

"हजार प्रती किती दिवसांत गेल्या?" मी विचारले. माझा धंद्याचा प्रश्न.

"वर्षाच्या आत."

"आणि कर्ज?"

भाचा जरा थांबला. म्हणाला, "डॉन के जानेवारी १९७५ मध्ये गेला. हृदयविकारानं. छत्तिसाव्या वर्षी."

मी गवताकडे पाहत राहिलो. पॉलिसीवर कर्ज काढलेला माणूस असा गेला तर घरच्यांच्या हाती त्यातून काय येते, याचा हिशेब मी नोकरीत कितीदा केला असेल. सांगणे माझ्याकडे असे. त्या खेळाचे पुढे काय झाले ते डॉनला पाहायला मिळाले नाही. कंपनीचा कारभार गायगॅक्सच्या घरात, सेंटर स्ट्रीटवरच्या तळघरात गेला. मागणी इतकी वाढली की काही वर्षांत कंपनीने गावातले जुने हॉटेल विकत घेतले. पण मिळालेले वाटून घेताना जे होते तेही झाले: आर्नेसनने १९७९ साली मानधनासाठी दावा लावला, १९८१ साली तडजोड झाली. १९८५ साली खुद्द गायगॅक्सला कंपनीच्या सूत्रांवरून दूर व्हावे लागले. आणि १९९७ साली, छपाईची देणी थकून पुस्तके निघेनाशी झाल्यावर, सारी कंपनी सिॲटलकडच्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने घेतली. गायगॅक्स २००८ साली याच गावात वारला. दरवर्षी मार्चमध्ये त्याच्या नावाने इथे खेळणाऱ्यांचा मेळावा भरतो.

मी आशेने भाच्याकडे पाहिले. मी सांगायला आलो होतो तेच या गावाने सांगून टाकले होते. पण तो वेगळेच पाहत होता. "हजार डॉलर, मामा," तो म्हणाला, "आणि जेवायचं टेबल."

माणूस एकाच घराकडे पाहून दोन गोष्टी वाचतो, त्याला काय करणार?

परतीच्या वाटेवर विल्यम्स बे लागले. तिथे यर्क्स वेधशाळा आहे, १८९७ सालची. तिची चाळीस इंची भिंगाची दुर्बीण आजही तिच्या जातीत जगात सर्वांत मोठी. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३७ साली इथे आले आणि पुढची पंचवीसहून अधिक वर्षे याच खेड्यात राहिले. वेळ नव्हता, बाहेरूनच घुमट पाहिला. एवढा थोर शास्त्रज्ञ खगोलशास्त्राच्या एका नियतकालिकाचे संपादन एकोणीस वर्षे करीत होता, हे कळल्यावर मला संपादक नावाच्या प्राण्याविषयी आदर वाटला. संपादकांनी हे वाक्य कापू नये.

तळ्याकाठी एका खानावळीत आम्ही बसलो. मी कागदी रुमाल पुढे ओढला आणि म्हणालो, "आता आकडे सांग."

आकडे असे होते. आगाऊ पैसे भरून वही मागणारे दोनशे बारा लोक त्याने किकस्टार्टरवरून जमवले होते. वीस डॉलरप्रमाणे चार हजार दोनशे चाळीस. त्यातून दलालीचे पाच टक्के आणि पैसे वळते करण्याचे सुमारे तीन टक्के गेले. हाती तीन हजार नऊशे. चित्रे, नकाशा आणि संपादन यांचे चार हजार आठशे आधीच देऊन झाले होते. म्हणजे कागदाला शाई लागण्यापूर्वीच नऊशेची तूट. तीनशे प्रती छापल्या तर प्रतीला साडेचार डॉलर. दोन हजार छापल्या तर दोन डॉलर दहा सेंट.

"म्हणून दोन हजार," भाचा म्हणाला. "दर निम्म्याहून खाली येतो."

"दर खाली येतो, पण रक्कम वर जाते," मी म्हणालो. "तीनशेला तेराशे पन्नास. दोन हजारांना चार हजार दोनशे. आणि गिऱ्हाईक दोनशे बारा. उरलेल्या सतराशे अठ्ठ्याऐंशी वह्या कुठे ठेवणार? खाटेखाली?"

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "आजोबांच्या प्रतींना गिऱ्हाईक नव्हतं असं नाही, मामा. ते कुठे आहे हे आजोबांना कळायला मार्ग नव्हता. मला दोनशे बारा नावं माहीत आहेत. एक जण फिनलंडमधे आहे. त्यानं मला विचारलं, नाणेघाटातल्या शिलालेखात एका राणीनं दिलेल्या दानांची यादी आहे ती खरी का? फिनलंडमधे बसून!"

यावर माझ्यापाशी आकडा नव्हता. तो पुढे बोलत राहिला. हिरवे कार्ड हाती येईपर्यंत त्याला नोकरीबाहेरच्या अशा कमाईला कायद्याची आडकाठी होती. तोवर नुसते लिहून ठेवले. जानेवारी २०२३मध्ये बातमी फुटली की मूळ खेळाचे मालक जुना खुला परवाना बदलणार. २००० सालापासून शेकडो लहान प्रकाशक त्या परवान्यावर जगत होते. नवा मसुदा मोठ्या विक्रीवर मानधन मागत होता. खेळणाऱ्यांनी इतका गिल्ला केला की महिनाअखेर मालकांनी माघार घेतली आणि मूळ नियमांचा गाभा सर्वांना कायमचा मोकळा करून टाकला. "त्या तीन आठवड्यांत मला कळलं," भाचा म्हणाला, "की आपली जमीन भाडेपट्ट्यावर आहे."

तेव्हा सूनबाईने दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडले. "मामा, वही छापू नये असं मला वाटत नाही. मी तिची मुद्रितं तपासलीत. मला फक्त ती रजा नको आहे. तीनशे वह्या आम्ही दोघं शनिवार-रविवारी पाकिटात घालू शकतो. दोन हजारांसाठी माणूस नोकरी सोडतो."

भाच्याने रुमालावरचे आकडे पुन्हा पाहिले. मग माझ्या हातातले पेन घेऊन दोन हजारांवर काट मारली. एवढेच. पुढच्या वर्षी मागणी आली तर आणखी तीनशे. छपाईचा दर जास्त पडला तरी पडो. तूट दोन हजार दोनशे पन्नासची. ती वर्षभराच्या बचतीतून भरायची, हप्त्याच्या पैशाला हात नाही. उरलेल्या अठ्ठ्याऐंशी प्रती आणि ई-प्रत यांवर जे मिळेल ते.

त्या रात्री मी वहीचा कच्चा छाप वाचायला घेतला. इंग्रजी बरे होते. नकाशाच्या पानावर मात्र मी थबकलो. रांजण गुहेच्या खाली दाखवला होता! कोकणातून चढून येणाऱ्याला आधी गुहा लागते, मग ती दगडी खिंड, आणि माथ्यावर पोचल्यावर रांजण. जकात माथ्यावर घेतात, पायथ्याशी नव्हे. मी भाच्याला झोपेतून उठवले. तो डोळे चोळत म्हणाला, "चित्रकाराला परत पैसे द्यावे लागतील." मी म्हणालो, "किती?" तो म्हणाला, "चाळीस डॉलर." ते चाळीस मी दिले. बहिणीला हे सांगितलेले नाही. हा अंक तिच्या हाती पडला तर पडो.

सकाळी तिचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती, मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"काय ठरलं?"

"तीनशे."

"तीनशे काय? हजार?"

"तीनशे प्रती. आणि रजा नाही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटले फोन तुटला. मग म्हणाली, "अण्णांच्या पुस्तकात नाणेघाटावर एक प्रकरण होतं. माझ्याकडे एक प्रत आहे, वाळवीनं कोपरा खाल्लेली. त्याला सांग, मला एक पाठव."

मी सांगतो म्हणालो.

"टपालाला किती पडतील?" तिने विचारले.

मी आकडा सांगितला. "अगं बाई!" ती म्हणाली. "मग तूच येताना घेऊन ये."